बारा वर्षांची आमदारकी : न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेचे सदस्यत्व (१९३४ ते १९६१)

पॅरामॅटाकर

सिडनीत येऊन मला पंधरा वर्षे होत आली, तरी मॅक्वारी स्ट्रीटवरील संसद भवनात मी पहिल्यांदा गेलो तो गेल्या महिन्यात. विधान परिषदेचे लाल रंगाचे सभागृह पाहताना कळले की ते मुळात ग्लासगोत तयार करून सुट्या भागांत जहाजाने पाठवलेल्या लोखंडी इमारतीत बसवलेले आहे. ती इमारत व्हिक्टोरियातील सोन्याच्या खाणींकडे लोटलेल्या गर्दीसाठी मागवली होती आणि १८५६ मध्ये न्यू साउथ वेल्सला दोन सभागृहे मिळाली तेव्हा घाईघाईने विकत घेऊन येथे उभी केली गेली. एक तात्पुरती सोय दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. त्या सभागृहातील सदस्यत्वाची कथाही काहीशी अशीच आहे, आणि विशेषतः १९३४ नंतरचा तिचा भाग मराठी वाचकांना ओळखीचा वाटेल असा आहे, म्हणून हा धागा.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. १८६१ पासून परिषदेचे सदस्य गव्हर्नर नेमत असत, म्हणजे व्यवहारात सरकार सुचवीत असे, आणि नेमणूक तहहयात असे. सदस्यसंख्येला वरची मर्यादा नव्हती. त्यामुळे परिषद अडून बसली तर सरकारपुढे एकच उपाय उरे, तो म्हणजे गव्हर्नरांचे मन वळवून नवे सदस्य भरणे. मजूर पक्षाचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्री) जॅक लँग यांनी १९२५ च्या अखेरीस असे पंचवीस सदस्य एकदम नेमून घेतले. ही माणसे परिषद बरखास्त करण्याच्या बाजूने मत देतील आणि स्वतःसह सारे सभागृह मोडीत काढतील, अशी त्यांची अटकळ होती. शेजारच्या क्वीन्सलँडमध्ये १९२२ मध्ये नेमके तसेच घडले होते आणि तेथील त्या सदस्यांना लोक ‘आत्मघातकी पथक’ म्हणत. सिडनीत मात्र १९२६ च्या सुरुवातीस प्रत्यक्ष मतदानाची वेळ आली तेव्हा मजूर पक्षाचेच काही सदस्य उलटले, काही गैरहजर राहिले आणि बेत फसला. तहहयात मिळालेली खुर्ची बसल्याबरोबर सोडून देणे फार थोड्यांना जमते.

यातून धडा घेतला तो विरोधकांनी. लँग यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या बॅव्हिन यांच्या सरकारने १९२९ मध्ये राज्यघटना कायद्यात ‘७अ’ हे कलम घातले. परिषद बरखास्त करायची किंवा तिची रचना व अधिकार बदलायचे तर जनतेचे सार्वमत घ्यावे लागेल, आणि हे कलम रद्द करायलाही सार्वमतच लागेल, अशी दुहेरी कडी त्यात होती. या कलमाचे शिल्पकार जॉन पेडन हे सिडनी विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते आणि त्याच वर्षी ते परिषदेचे सभापती झाले. लँग पुन्हा सत्तेवर आल्यावर त्यांनी १९३० मध्ये आधी ७अ आणि मग परिषद रद्द करणारी दोन विधेयके सार्वमताशिवाय रेटली. आर्थर ट्रेथोवन या सदस्याने एका सहकाऱ्यासह न्यायालयात धाव घेतली. गमतीचा भाग असा की सभापती या नात्याने पेडन त्या दाव्यात प्रतिवादी होते, म्हणजे कलम ज्यांनी रचले त्यांच्याच विरुद्ध त्या कलमाच्या रक्षणासाठी दावा दाखल झाला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (हेच तेथील सर्वोच्च न्यायालय) १९३१ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ट्रेथोवन यांची बाजू उचलून धरली आणि १९३२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचे अंतिम अपील न्यायालय) तो निकाल कायम केला.

पण नामनिर्देशित परिषद कोणालाच नको झाली होती. १३ मे १९३३ रोजी सार्वमत झाले, ५१ टक्क्यांहून थोडी अधिक मते बाजूने पडली आणि २३ एप्रिल १९३४ पासून नवी परिषद अस्तित्वात आली. तिच्यात साठ सदस्य, प्रत्येकाची मुदत बारा वर्षे, दर तीन वर्षांनी पंधरा जण निवृत्त. निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या एकल संक्रमणीय मतपद्धतीने (मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा), आणि मतदार कोण, तर विधानसभेचे आणि खुद्द परिषदेचे विद्यमान सदस्य. सामान्य नागरिकाला मत नाही. पहिल्या साठांचे चार गट पाडून त्यांना तीन, सहा, नऊ आणि बारा वर्षे दिली गेली. ही पद्धत १९७८ पर्यंत चालली.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो हिशेब. विधानसभेचे नव्वद आणि परिषदेचे साठ असे दीडशे मतदार धरले, पंधरा जागा धरल्या आणि सर्वांनी मतदान केले असे मानले, तर निवडून येण्यासाठी लागणारा कोटा होतो अवघ्या दहा मतांचा. दहा सहकाऱ्यांनी पहिली पसंती दिली की बारा वर्षांची ‘ऑनरेबल’ ही उपाधी आणि सभागृहात जागा. त्या बारा वर्षांत विधानसभेच्या साधारण चार निवडणुका होत. वेतन मात्र १९४८ पर्यंत नव्हते, त्यामुळे सदस्य वकिली, शेती, व्यापार किंवा कामगार संघटनेचे काम सांभाळून सभागृहात येत.

माझा प्रश्न असा आहे की ज्या सदस्याला दहा जणांनी निवडले आणि पुढची बारा वर्षे कोणी विचारणारच नाही, तो निवडणाऱ्यांच्या मुठीत राहतो की उलट मोकळा होतो? मला वाटते की मोकळा होतो, आणि १९५९ चा प्रसंग त्याचा पुरावा आहे. पण आधी आपली मते वाचायला आवडतील.

शब्दशः

लेख आवडला. मी पुण्यात घटनात्मक कायदा शिकवतो, त्यामुळे तुलना करण्याचा मोह आवरत नाही.

आपल्या घटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेचे सदस्य पाच वाटांनी येतात. एक तृतीयांश स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, एक तृतीयांश विधानसभेच्या सदस्यांकडून, एक द्वादशांश पदवीधरांकडून, एक द्वादशांश शिक्षकांकडून आणि उरलेले राज्यपालांच्या नामनिर्देशनाने. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा येथील परिषदेची संख्या ७८ होती आणि आजही तेवढीच आहे. न्यू साउथ वेल्सने १९३४ मध्ये निवडलेली वाट म्हणजे आपल्याकडची फक्त दुसरी वाट. तिच्यात एक भर मात्र आहे, ती म्हणजे परिषदेच्या सदस्यांनाही मत होते. आपल्या विधानसभेचे आमदार परिषदेवर माणसे पाठवतात, पण परिषद स्वतःला निवडत नाही. तेथे मावळत्या सभागृहाचा पुढच्या सभागृहाच्या घडणीत हात असे, आणि मला तो या व्यवस्थेतील सर्वांत आक्षेपार्ह भाग वाटतो.

कोट्याविषयी सांगायचे तर जून २०२२ मधील आपल्या निवडणुकीत दहा जागांसाठी सव्वीस मतांचा कोटा होता आणि अकरावा उमेदवार उभा राहिल्यामुळे काय झाले ते सर्वांना आठवत असेल. कोटा जितका लहान तितके एकेका मताचे मोल अधिक आणि फोडाफोडीला वाव अधिक. दहा मतांच्या कोट्यात काय होत असेल याची कल्पना करवत नाही.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे परिषद रद्द करायला जनतेला विचारावे लागत नाही. अनुच्छेद १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने साधा कायदा करायचा. म्हणूनच पश्चिम बंगालची परिषद १९६९ मध्ये गेली, आणि आंध्र प्रदेशात ती १९८५ मध्ये गेली व २००७ मध्ये परतही आली. सिडनीत ७अ नसते तर तेथेही परिषद अशीच ये-जा करत राहिली असती.

चावडी

धागालेखकांचा मुद्दा मला पटत नाही. परिषद म्हणजे पराभूतांचे पुनर्वसन केंद्र, हे येथे आणि तेथे सारखेच असणार. बारा वर्षे कोणी विचारणार नाही याचा अर्थ सदस्य स्वतंत्र झाला असा होत नाही, तो निश्चिंत झाला असा होतो. १९२६ मध्ये जे उलटले ते तत्त्वासाठी उलटले की खुर्चीसाठी, हे आपणच सूचकपणे लिहिले आहे.

पॅरामॅटाकर

@चावडी, आपली शंका रास्त आहे, म्हणूनच १९५९ चा प्रसंग नीट मांडतो.

मजूर पक्ष न्यू साउथ वेल्समध्ये १९४१ पासून १९६५ पर्यंत सलग सत्तेवर होता. विधानसभेत बहुमत असल्याने दर तीन वर्षांच्या निवडणुकीत आणि मधल्या रिकाम्या जागांवर त्यांची माणसे परिषदेत येत गेली, आणि पन्नासच्या दशकात तेथेही त्यांचेच बहुमत होते. परिषदेतील त्यांचे नेते रेग डाउनिंग हे वस्त्रोद्योग कामगारांच्या संघटनेतून वर आलेले, मागाहून कायदा शिकलेले आणि पुढे अॅटर्नी जनरल झालेले गृहस्थ होते. म्हणजे ज्या सभागृहाला मजूर पक्ष जमीनदारांचा आणि धनिकांचा गड म्हणे, त्या गडाच्या चाव्या आता त्याच्याच कमरेला होत्या. तरीही परिषद रद्द करण्याचे वचन पक्षाच्या कार्यक्रमात कायम होते आणि पक्षसंघटना ते सोडायला तयार नव्हती.

१९५९ च्या ऑक्टोबरात प्रीमियर जो काहिल यांचे निधन झाले, रॉबर्ट हेफ्रन आले आणि वर्ष संपण्यापूर्वी बरखास्तीचे विधेयक विधानसभेने संमत केले. परिषदेत ते आले तेव्हा मजूर पक्षाच्या सात सदस्यांनी विरोधकांबरोबर मत दिले. परिषदेने विधेयकावर चर्चासुद्धा न करता ते परत पाठवले. कारण असे दिले की परिषदेविषयीचे विधेयक परिषदेतच मांडले गेले पाहिजे होते. पक्षाने त्या सातांना काढून टाकले, त्यांनी ‘स्वतंत्र मजूर गट’ स्थापन केला आणि आपापल्या जागांवर बसून राहिले, कारण त्यांना तेथून उठवण्याचा अधिकार पक्षाला नव्हता.

त्यांनी खुर्ची वाचवली हे खरेच आहे. पण हिशेब पाहा. पक्षाबरोबर राहिले असते तरी खुर्ची लगेच जाणार नव्हती, कारण शेवटचा शब्द सार्वमताचा होता. उलट पक्षातून गेल्यामुळे मुदत संपल्यावर पुन्हा निवडून येण्याची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली. चार-पाच वर्षांत पुन्हा पक्षाच्या दारात उभे राहायचे असते तर किती जणांनी ही जोखीम घेतली असती? येथे मुदतीची लांबी कामी आली असे माझे म्हणणे आहे. लांब मुदत चांगली असते असे मात्र मी म्हणत नाही.

शब्दशः

एक पुरवणी जोडतो. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेली पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची तेव्हा सिडनीत असती, तर पक्षादेशाविरुद्ध मत दिल्याबद्दल ते सातही जण अपात्र ठरले असते आणि त्यांच्या जागी सरकारची सात माणसे आली असती. पक्षांतरबंदी नसलेल्या सभागृहात सदस्यत्व हे सदस्याच्या मालकीचे असते, बंदी असलेल्या सभागृहात ते पक्षाच्या मालकीचे असते. घोडेबाजार पाहिलेल्या आपल्या पिढीला पहिल्या स्थितीची भीती वाटते हे समजण्यासारखे आहे, पण दुसऱ्या स्थितीत वरिष्ठ सभागृह निराळे ठेवायचे कशाला, या प्रश्नाचे उत्तर मला वर्गात विद्यार्थ्यांना देता येत नाही.

उंबरठा

या चर्चेत स्त्रिया कोठेच दिसल्या नाहीत, म्हणून लिहिते.

न्यू साउथ वेल्सच्या परिषदेत पहिल्या दोन स्त्रिया आल्या त्या १९३१ च्या नोव्हेंबरात, कॅथरिन ग्रीन आणि एलेन वेबस्टर. दोघींना लँग यांच्या शिफारशीवरून नेमले गेले होते. म्हणजे ज्या ‘भरती’ची वर थट्टा झाली आहे, तिच्याच दुसऱ्या फेरीतून स्त्रियांना दार उघडले. १९३४ मध्ये निवडणूक पद्धत आली आणि दोघी बाहेर पडल्या. त्यानंतर थेट १९५२ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, परिषदेत एकही स्त्री नव्हती. त्या वर्षी मजूर पक्षाच्या गर्ट्रूड मेलव्हिल निवडून आल्या. दीडशे मतदारांत जवळजवळ सगळे पुरुष असतील आणि दहा-दहांचे गट आपापल्या माणसाला पाठवत असतील, तर वेगळे काय होणार? प्रमाणशीर प्रतिनिधित्व ही पद्धत अल्पसंख्याकांना न्याय देते असे आपण पाठ करतो, पण ते प्रमाण मतदारांच्या घोळक्याचे असते, समाजाचे नसते.

ॲडलेडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. साउथ ऑस्ट्रेलियाने स्त्रियांना मताचा आणि निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क १८९४ मध्येच दिला होता. असे असूनही १९५९ मध्ये जेसी कूपर परिषदेच्या उमेदवार झाल्या तेव्हा स्त्री ही परिषदेच्या सदस्यत्वाच्या अर्थाने ‘व्यक्ती’ ठरते का, असा वाद न्यायालयात नेण्यात आला. पासष्ट वर्षांनंतर! न्यायालयाने त्यांची उमेदवारी रोखली नाही आणि त्या निवडून आल्या. तास्मानियात मार्गारेट मॅकिन्टायर १९४८ मध्ये परिषदेवर आल्या. त्या राज्याच्या संसदेतील त्या पहिल्या स्त्री होत्या, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पर्थमध्ये रूबी हचिसन १९५४ मध्ये आल्या. मतदाराकडे मालमत्ता असावी ही परिषदेची अट उठवण्यासाठी त्या झगडल्या आणि ऑस्ट्रेलियातील ग्राहक चळवळीच्या संस्थापकांपैकीही एक होत्या.

यारा_किनारा

मेलबर्नहून नमस्कार. सिडनीची परिषद सामान्य मतदाराला विचारत नव्हती हे खरे, पण आमच्याकडची विचारत होती ती फक्त निवडक लोकांना, आणि ते अधिक वाईट होते असे मला वाटते.

व्हिक्टोरियाच्या परिषदेत चौतीस सदस्य होते, सतरा प्रांतांतून प्रत्येकी दोन. निवडणूक थेट होती, परंतु मतदानाचा हक्क मालमत्तेशी जोडलेला होता. १९५० च्या सुधारणा कायद्याने ती अट गेली आणि सर्व प्रौढांनी मत दिलेली पहिली निवडणूक १९५२ मध्ये झाली. साउथ ऑस्ट्रेलियात तर ही अट १९७३ पर्यंत टिकली. तेथील परिषदेच्या वीस जागांपैकी मजूर पक्षाला त्या काळात चारच मिळत, निवडणूक कोणतीही असो.

अशा सभागृहाने काय करावे याचा नमुना १९४७ चा ऑक्टोबर. केंद्रातील चिफ्ली सरकारने बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे विधेयक आणले होते. त्याचा व्हिक्टोरिया राज्याशी थेट संबंध नव्हता. तरी परिषदेने राज्यातील जॉन केन यांच्या मजूर सरकारला खर्चाची मंजुरी नाकारली, सरकारला निवडणुकीला जावे लागले आणि ते हरले. परिषदेचे सदस्य मात्र जागच्या जागी राहिले. म्हशीचा राग पखालीवर काढावा तसा हा प्रकार होता. १९५२ मध्ये पुन्हा मंजुरी अडवली गेली, त्या गोंधळात टॉमस हॉलवे यांचे सरकार आले आणि चार दिवसांत गेले.

तेव्हा @पॅरामॅटाकर, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की सदस्य मोकळा होतो की बांधलेला राहतो हे मुदतीवर नव्हे, मतदारयादीवर ठरते. आमच्याकडचे सदस्य सहा वर्षांसाठी येत आणि आपल्या मालमत्ताधारक मतदारांशी पुरते इमान राखत.

नदीकाठ

फार माहितीपूर्ण चर्चा. लँग यांना गव्हर्नरांनी बडतर्फ केले ते या परिषदेच्या वादातूनच ना?

पॅरामॅटाकर

@नदीकाठ, तसा समज सर्रास आढळतो, पण ते कारण वेगळे होते. महामंदीत लँग यांनी परदेशी कर्जावरील व्याज द्यायला नकार दिला, केंद्राने ते स्वतः भरून राज्याकडून वसुलीचा कायदा केला, आणि राज्याचा पैसा केंद्राकडे जाऊ नये म्हणून लँग यांनी अधिकाऱ्यांना परिपत्रक काढले. ते बेकायदेशीर आहे असे ठरवून गव्हर्नर फिलिप गेम यांनी १३ मे १९३२ रोजी त्यांना दूर केले. परिषदेच्या बाबतीत गेम यांनी लँग यांना बराच काळ ताटकळत ठेवले असले, तरी १९३१ च्या अखेरीस पंचवीस नवे सदस्य त्यांनीच नेमून दिले होते, आणि @उंबरठा यांनी सांगितलेल्या दोघी त्यांतल्याच. बडतर्फीला बरोबर एक वर्ष झाले त्या तारखेला परिषदेच्या पुनर्रचनेचे सार्वमत झाले, त्यामुळे स्मरणात दोन्ही गोष्टींची गल्लत होत असावी.

@यारा_किनारा, आपला मुद्दा मान्य आहे, तरी अर्धाच. मतदारयादी महत्त्वाची आहेच. पण सिडनीच्या सातांची मतदारयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मतदारयादी एकच होती, तरी मते वेगळी पडली.

चावडी

मग शेवटी झाले काय? सार्वमत झाले की नाही?

पॅरामॅटाकर

झाले, पण आधी न्यायालयात जाऊन. परिषदेने दोन्ही सभागृहांच्या प्रतिनिधींच्या बैठकीला जायलाच नकार दिला होता, तेव्हा ती बैठक झाल्याशिवाय सार्वमत घेता येईल का, असा प्रश्न परिषदेतील विरोधी नेते हेक्टर क्लेटन यांनी उभा केला. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. २९ एप्रिल १९६१ रोजी मतदान झाले आणि सुमारे साडेसत्तावन्न टक्के मतदारांनी परिषद रद्द करायला नकार दिला. ज्या सभागृहाची निवड करण्याचा हक्क त्यांना नव्हता, ते सभागृह त्यांनी राखले.

विरोधकांचा प्रचार असा होता की परिषद गेली तर एका पक्षाच्या हाती सगळी सत्ता जाईल, आणि वीस वर्षे एकच पक्ष सत्तेवर पाहिलेल्या लोकांना तो पटला असावा. ‘७अ’ घालणारे पेडन १९४६ पर्यंत सभापती होते, त्यांना हे पाहायला मिळाले नाही. डाउनिंग मात्र ज्या सभागृहाचा शेवट करण्याच्या मोहिमेत त्यांचे सरकार उतरले होते, त्याच सभागृहात १९७२ पर्यंत बसले. पुढे १९७८ च्या जूनमध्ये आणखी एक सार्वमत झाले, थेट निवडणुकीसाठी, आणि त्या वेळी दर पाच मतदारांपैकी चारांहून अधिक जणांनी होकार दिला. १९३४ च्या पद्धतीने निवडलेल्यांपैकी काही सदस्य मात्र त्यानंतरही काही काळ सभागृहात राहिले.